नदी सरकली, नकाशा तिथेच राहिला

मंडळी, आज आपण दोन नकाशे शेजारी-शेजारी ठेवून बघूया. जागा एकच, गंगा-ब्रह्मपुत्रेचा त्रिभुज प्रदेश. एक नकाशा जेम्स रेनेलचा, दुसरा आजचा.

रेनेलने १७६४ साली नद्यांची मोजणी सुरू केली. ईस्ट इंडिया कंपनीला गंगेतून कलकत्त्यापर्यंत बारमाही होड्या जातील असा जवळचा मार्ग हवा होता. नदीकाठाने होकायंत्र आणि साखळी घेऊन त्याने काम केलं, आणि १७७९ साली त्याचा बंगालचा नकाशासंग्रह छापून आला.

आता त्यातली ब्रह्मपुत्रा शोधा. ती मधुपूरच्या उंचवट्याच्या पूर्वेला, मैमनसिंहजवळून वाहते. आजच्या नकाशात मुख्य प्रवाह कुठे आहे? उंचवट्याच्या पश्चिमेला! त्याला बांगलादेशात जमुना म्हणतात. मग रेनेल चुकला का? नाही. नदीच सरकली. १७८७ च्या मोठ्या पुरात तीस्ता गंगेकडची वाट सोडून ब्रह्मपुत्रेला मिळाली, आणि १८३० च्या सुमारापर्यंत मुख्य पाणी नव्या पात्रात गेलं. यामागे पूर किती आणि जमिनीची हालचाल किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण १९९८ साली सुरू झालेला जमुनेवरचा जवळपास पावणेपाच किलोमीटरचा पूल जिथे उभा आहे, तिथे रेनेलच्या काळी ही महानदी नव्हतीच.

तुम्ही म्हणाल, जुन्या नकाशाचं आता काय करायचं? त्यासाठी शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघूया. बंगालीत नदीने खाल्लेल्या जमिनीला सिकस्ती म्हणतात, नदीने वर आणून दिलेल्या जमिनीला पयस्ती. १८२५ च्या कायद्याने नियम घातले. गाळ हळूहळू साचून काठाला जमीन जोडली गेली, तर ती काठच्या मालकाची ठरत असे. नदीने अचानक पात्र बदललं आणि जमीन ओळखता येत असेल, तर ती मूळ मालकाचीच राहत असे. मोठ्या नदीत नवा चर, म्हणजे बेट, वर आलं आणि मधलं पाणी पायी ओलांडता येत नसेल, तर ते सरकारचं होत असे.

म्हणजे त्या नियमांनुसार सगळा निकाल दोन प्रश्नांवर अडत असे: पूर्वी इथे काय होतं, आणि बदल हळू झाला की एकदम? याचं उत्तर एका नकाशातून मिळत नाही. वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे एकावर एक ठेवावे लागतात.

म्हणून त्रिभुज प्रदेशाचा नकाशा बघताना आधी कोपऱ्यातलं साल वाचायचं, मग नदी. तिथे नकाशा म्हणजे त्या वर्षीची साक्ष. आणि ज्याचं शेत पाण्याखाली गेलंय, त्याच्या हातात कधीकधी तेवढीच साक्ष उरते.