एक मुक्काम, अनेक वाटा

परीक्षा आटोपल्या आणि घरांत आंब्याच्या अढीचा वास दरवळूं लागला कीं सुट्टी कोठें काढावी हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत हटकून उपस्थित होतो. पूर्वीं त्याचें उत्तर ठरलेलें असे : आजोळ, नाहीं तर कोंकणांतील मूळ घर. आतां आजोळ बहुधा शहरांतील तीन खोल्यांत असतें, मूळ घराला कुलूप असतें, आणि मग प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींकडे दृष्टि वळते. बारा दिवसांत आठ देश. रोज नवें शहर, रोज नवें हॉटेल. अशी सफर करून आलेल्या मंडळींस विचारावें, तर कोणतें शहर आधीं पाहिलें व कोणतें मागाहून, हेंहि त्यांस धड सांगतां येत नाहीं. लक्षांत राहते ती पहांटे पांच वाजतां बॅगा दाराबाहेर काढण्याची धांदल.

युरोपांतील पुष्कळशीं कुटुंबें स्वतः मात्र आपली सुट्टी अशी घालवीत नाहींत. तीं एखाद्या गांवीं आठ-पंधरा दिवस बिऱ्हाड करितात आणि रोज आसपास फिरून रात्रीं आपल्याच अंथरुणावर परततात. जर्मन भाषेंत अशा उन्हाळी मुक्कामास 'झोमरफ्रिशे' असा स्वतंत्र शब्दच आहे. स्वित्झर्लंडांतील ल्युसर्न हें शहर या पद्धतीस किती सोईचें आहे पाहा. सरोवराकांठच्या या शहरांत मुक्काम ठेवून एके दिवशीं आगबोटीनें फिट्सनाऊस जावें व १८७१ सालीं सुरू झालेल्या दांतेरी रुळांच्या गाडीनें रिगी पर्वत चढावा. दुसऱ्या दिवशीं १८८९ सालच्या तशाच गाडीनें पिलाटुस पाहावा. तिसऱ्या दिवशीं कोठेंहि न जातां पाण्याकांठीं बसावें. सामान एकदांच उघडावयाचें आणि एकदांच बांधावयाचें. ज्यांस युरोप पाहणें शक्य आहे त्यांनीं तो याच रीतीनें पाहावा असें आमचें मत आहे. परंतु या पद्धतीचें मर्म कांहीं युरोपांत नाहीं. आगगाडी, डोंगर आणि बिऱ्हाडाचें गांव हीं एकमेकांच्या हांकेवर असलीं म्हणजे झालें. आणि तीं तशीं मुंबईपासून सुमारे दोन तासांच्या वाटेवर, वांगणीस, आयतीं सांपडतात.

वांगणी हें ठाणें जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यांतील गांव. मध्य रेल्वेवर कल्याणहून कर्जतकडे निघालें कीं उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मागें टाकल्यावर हें स्थानक येतें. पुढच्या शेलूपासून रायगड जिल्हा लागतो. कल्याण ते खोपोली हा लोहमार्ग १८५६ च्या मे महिन्यांत खुला झाला, म्हणजे या खोऱ्याची आगगाडीशीं ओळख मुंबई-ठाणें गाडीच्या मागोमागचीच. पश्चिमेस चंदेरीचा सुळका व माथेरानची रांग, पूर्वेकडे उल्हास नदीचें पात्र, आणि मध्यें रोपवाटिका व शेतघरें असा येथील देखावा आहे. स्थानकाजवळ अलीकडे इमारतींची दाटी होत चालली आहे हें खरें. तथापि दहा-पंधरा मिनिटें दूर गेलें कीं अंगण, आंब्याची सावली व रात्रींचा काळोख या तिन्ही गोष्टी अजून मिळतात.

अशा मुक्कामाचा खरा लाभ कोणास होतो तें एका उदाहरणानें सांगतों. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत युरोपची सफर ठरत आली होती. घरांतील आजीबाई पंचाहत्तरी उलटलेल्या, दोन्ही गुडघे दुखरे. त्यांची महिनाभर सोय एका नातेवाइकांकडे लावण्याचें ठरलें. आजीबाईंनीं तक्रार केली नाहीं. "मी राहीन हो" एवढेंच त्या म्हणाल्या. परंतु धाकट्या नातीनें "आजी नसली तर ती आपली सुट्टी कशी?" असें विचारलें, आणि त्या प्रश्नास कोणापाशींच उत्तर नव्हतें. शेवटीं सफर पुढें ढकलून सर्वांनीं वांगणीस आठ दिवस काढले. सात सहलींपैकीं आजीबाई तीनच सहलींस गेल्या. उरलेल्या चार दिवशीं त्या अंगणांत आरामखुर्चीवर होत्या, आणि परत आलेलें प्रत्येक मूल प्रथम त्यांच्यापाशीं बसून दिवसाची हकीकत सांगत होतें. फिरत्या सफरींत जो थकला तो मागें पडतो. एका मुक्कामाच्या सहलींत तो फक्त घरीं राहतो, आणि घर जेथल्या तेथें असतें.

आतां योजनेकडे वळूं. पहिली गोष्ट गाड्यांची. सकाळीं मुंबईकडे जाणाऱ्या लोकल गाड्यांत नोकरदारांची अतोनात गर्दी असते व संध्याकाळीं तीच गर्दी परतते. वांगणीस राहणाऱ्यानें याच्या उलट चालावें. नेरळ, कर्जत, खोपोली या दिशेची सहल असेल तर पहांटेच्या गाडीनें निघावें आणि दुपारीं परतावें. दोन्ही वेळां बसावयास जागा मिळते. अंबरनाथसारख्या मुंबईकडील ठिकाणीं दहानंतर निघावें व चारच्या आंत घर गांठावें. कर्जतकडील गाड्या बदलापूरपर्यंतच्या गाड्यांइतक्या वारंवार नसतात, म्हणून वेळापत्रक जवळ असावेंच. रविवारीं बहुधा मार्गदुरुस्तीसाठीं गाड्यांत फेरफार होतात. तो दिवस विश्रांतीस ठेवावा.

दुसरी गोष्ट उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत या खोऱ्यांत पारा चाळीस अंशांच्याहि वर चढतो. माथेरान सोडून कोणतीहि सहल सूर्योदयास सुरू करून अकराच्या आंत संपवावी. दुपार ही झोंपेची, पत्त्यांची आणि पुस्तकांची. अंबरनाथचा अपवाद ढगाळ दिवशीं किंवा एप्रिलच्या आरंभींच करावा, कारण तेथें जातां-येतां ऊन टळत नाहीं. कोंडेश्वर किंवा वांगणीजवळचा भगीरथ धबधबा यांचीं चित्रें पाहून मुलें हट्ट धरतात. परंतु मे महिन्यांत तेथें कोरडा खडक असतो, हें त्यांस आधींच सांगून टाकावें.

सहलींत पहिला मान माथेरानचा. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं १८५० सालीं हा डोंगर चढून त्याची ओळख बाहेरच्या जगास करून दिली, आणि आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें पैसा घालून १९०७ सालीं नेरळहून वर जाणारी दोन फुटी रुळांची गाडी सुरू केली. सुमारे एकवीस किलोमीटरांची ही वाट गाडी दोन तासांहून अधिक वेळानें कांपते. पावसाळ्यांत ती बंद असते. रिगीची गाडी दांतेरी रुळाला धरून सरळ चढते, आपली गाडी वळणांमागून वळणें घेत चढते, एवढाच काय तो फरक. सुट्टीच्या दिवसांत तिचें तिकीट मिळणें कठीण. न मिळाल्यास नेरळहून मोटारीनें दस्तुरी नाक्यापर्यंत जावें व जवळच्या अमन लॉज स्थानकावरून छोटी गाडी धरावी. आजीबाई गेल्या त्या अशाच. वर मोटारींस बंदी आहे, म्हणून लाल मातीच्या वाटांवर मुलांस मोकळें सोडतां येतें. उंची सुमारे आठशें मीटर असल्यानें खालच्यापेक्षां हवा चार-पांच अंशांनीं थंड लागते.

माथेरानला गेल्यावर मुलांस भाई कोतवालांची हकीकत अवश्य सांगावी. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १९१२ सालीं याच गांवीं एका गरीब नाभिक कुटुंबांत झाला. ते वकील झाले, आणि शेतकऱ्यांसाठीं त्यांनीं धान्यकोठ्या काढल्या. १९४२ च्या लढ्यांत त्यांच्या आझाद दस्त्यानें मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळीबारांत त्यांना व हिराजी पाटील यांना वीरमरण आलें.

ही वीज कोठून येत होती तें पाहावयास दुसरी सहल खोपोलीची करावी. कर्जतला गाडी बदलली कीं खोपोली येते. लोणावळ्याच्या बाजूस घाटमाथ्यावर तलाव बांधून, त्यांचें पाणी नळांतून पायथ्याशीं सोडून टाटांनीं १९१५ सालीं येथें वीजगृह सुरू केलें व मुंबईच्या गिरण्या त्यावर चालूं लागल्या. डोंगरावरून उतरणारे नळ दुरून पाहिले तरी मुलांस पाण्यापासून वीज कशी होते याचा धडा पुस्तकाशिवाय कळतो. नाना फडणिसांनीं बांधविलेला तलाव व वीरेश्वराचें देऊळ हीं येथेंच आहेत. देवळाच्या सावलींत दशम्या सोडाव्या.

तिसरी सहल अंबरनाथच्या शिवालयाची. मंदिरांतील शिलालेखांत शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा उल्लेख असून शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळांत हें काम पुरें झालें. काळ्या पाषाणांतील मूर्तिकाम बाहेरच्या भिंतींवर असें दाटलें आहे कीं एक प्रदक्षिणा घालावयास अर्धा तास पुरत नाहीं. गाभारा जमिनीच्या पातळीखालीं आहे. ज्यांस पायऱ्या उतरवत नाहींत त्यांनीं मंडपांतूनच हात जोडावे.

चौथी सहल केवळ धट्ट्याकट्ट्यांची : कर्जतहून रिक्षानें राजमाचीच्या पायथ्यापर्यंत जाऊन, तेथून रानांतल्या चढणीनें कोंडाणें लेणीं. इसवी सनापूर्वींचीं हीं बौद्ध लेणीं लांकडी बांधणीची दगडांत केलेली नक्कल आहेत. तेथें एका शिल्पाजवळ कण्हाचा शिष्य बलाक यानें हें केलें असा लेख आहे. आपल्या देशांतील असंख्य प्राचीन शिल्पांचे कर्ते अज्ञात असतांना हें एक नांव दोन सहस्र वर्षें टिकलें, हें पाहून तरुण मंडळींस चढणीचे श्रम आठवत नाहींत.

बाकीचे दिवस जवळपासचेच. एका सकाळीं रोपवाटिका पाहून कुंड्यांसाठीं रोपें निवडावीं. एका सकाळीं नदीकांठीं पक्षी पाहावे. एके दिवशीं बदलापूरला जांभळांचा बाजार करावा. स्थानकांवर ठाकर व कातकरी बाया पानांच्या द्रोणांतून करवंदें-जांभळें विकतात. त्यांच्याशीं दोन-पांच रुपयांसाठीं घासाघीस करूं नये. आणि निदान एक रात्र आकाशासाठीं राखून ठेवावी. मुंबईची 'खगोल मंडळ' ही संस्था रात्रभराच्या आकाशदर्शनाचे कार्यक्रम वांगणीस भरवीत आली आहे, यावरून येथील आकाशाची योग्यता कळेल. मेच्या मध्यास रात्रीं नऊच्या सुमारास उत्तरेस सप्तर्षि उंच असतात, त्यांच्या शेपटीच्या वळणानें पुढें गेलें कीं स्वाती व मग चित्रा सांपडते, आणि दक्षिण क्षितिज मोकळें असेल तर त्रिशंकूहि दिसतो. त्याकरितां मुक्कामाचा आठवडा अमावास्येच्या आगेमागें धरावा.

गृहिणींविषयीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बिऱ्हाड म्हटलें कीं पोळपाट-लाटणें आलें, आणि मग सर्वांची सुट्टी होते व एकटीचीच होत नाहीं. जागा ठरवितांनाच दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था गांवांतील एखाद्या बाईंकडे योग्य मोबदला देऊन लावावी. सकाळच्या सहलीस तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, लोणचें, लाडू असा कोरडा शिधा घरूनच न्यावा. पन्हें व कोकमाचें सरबत मुलांनीं करावें. ज्या दिवशीं घरची बाई कोठेंहि न जातां झोंपूं इच्छिते त्या दिवशीं ती झोंपली, तरच बेत साधला असें समजावें.

शेवटीं दोन सावधगिरीच्या गोष्टी. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरांत महालक्ष्मी एक्सप्रेस याच बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली होती व सुमारे एक हजार प्रवाशांस नावांतून बाहेर काढावें लागलें. म्हणून नदीकांठचा मुक्काम जूनच्या आरंभींच आवरावा. दुसरी गोष्ट स्थानकाची. वांगणींत अनेक दृष्टिहीन कुटुंबें राहतात व रोज याच फलाटावरून ये-जा करितात. १७ एप्रिल २०२१ रोजीं अशाच एका मातेचें लहान मूल फलाटावरून रुळांवर पडलें, आणि समोरून गाडी येत असतां मयूर शेळके या रेल्वे कर्मचाऱ्यानें धांवत जाऊन त्याला वर काढलें; गाडी येऊन ठेपावयास क्षणांचाच अवकाश होता. मिळालेल्या बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनीं त्या मुलाच्या घरीं देऊं केली. मुलांचा हात फलाटावर सोडूं नये, आणि कोणी दृष्टिहीन सहप्रवासी वाट विचारील तर आपली गाडी चुकली तरी त्यास पोंचवून द्यावें. पुढची गाडी येईलच. सुट्टीवर असलेल्या माणसास घाई कसली?

असो. बेत करावयाचा तर जागा फाल्गुनांतच ठरवावी, चैत्रांत पंचांग पाहून आठवडा निश्चित करावा, आणि कोण कोणत्या सहलीस जाणार हें घरांतील सर्वांत वडील माणसास विचारून मगच लिहून काढावें.