परसवाड्यातून मेनफ्रेमच्या शेलमध्ये

आमच्या घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारच्या टोल्यात गोंडी आणि निम्म्या मैत्रिणींच्या घरी पोवारी. बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाड्यात वाढलेल्या मुलीला कुणाशी कसं बोलायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही. मेनफ्रेमवर शेल स्क्रिप्ट लिहू लागले तेव्हा हीच सवय कामी आली. त्या एका यंत्रातही दोन बोली चालतात.

पहिली बोली जुनी. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम/३६० जाहीर केली. आज बँकांचे हिशेब सांभाळणारी झेड/ओएस ही प्रणाली त्याच घराण्यातली. इथे काम सांगायचं ते जेसीएलमध्ये: कुठला प्रोग्रॅम चालवायचा, कुठला डेटासेट, म्हणजे मेनफ्रेमवरचा नाव दिलेला माहितीसंच, वाचायचा. डेटासेटच्या नावात जास्तीत जास्त ४४ अक्षरं, दोन टिंबांमधल्या तुकड्यात ८. जेसीएलची ओळ ८० रकान्यांची, पंचकार्डाच्या मापाची.

दुसरी बोली युनिक्सची. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्स आकाराला येऊ लागलं आणि १९९० च्या दशकात आयबीएमने त्याला मेनफ्रेमच्या त्याच प्रणालीत जागा दिली. टीएसओ या मेनफ्रेमवर आज्ञा देण्याच्या सोयीत ‘ओएमव्हीएस’ टाइप केलं की शेल उघडतं. फाइली, डिरेक्टरी, पाइप, लूप, सगळं ओळखीचं. जावा, पायथन, गिट ही नवी साधनं याच बाजूला चालतात. म्हणूनच कोबोल या जुन्या भाषेत मुरलेले आमचे सीनियरही हल्ली शेल शिकताहेत.

ओळखीच्या या घरात पहिली ठेच लागते ती अक्षरांना. लॅपटॉपवर मोठ्या ‘ए’चा आकडा ६५; ही अस्की पद्धत. मेनफ्रेमच्या एबसिडिकमध्ये तोच ‘ए’ १९३. म्हणून लॅपटॉपवर लिहिलेली स्क्रिप्ट अक्षरं न बदलता तशीच वर चढवली, तर शेलला ती निव्वळ कचरा दिसते. ‘आयकॉन्व्ह’ ही आज्ञा एका पद्धतीची अक्षरं दुसरीत बदलून देते. एबसिडिकमध्ये लहान ‘आय’ १३७ वर आणि ‘जे’ थेट १४५ वर. ‘आकड्यात एक मिळवला की पुढचं अक्षर’ हा हिशेब तिथे फसतो. क्रमही उलटा: अस्कीमध्ये आधी अंक, मग मोठी अक्षरं, मग लहान, एबसिडिकमध्ये आधी लहान, मग मोठी, शेवटी अंक. दोन्हीकडे आपापल्या क्रमाने लावलेल्या याद्या जुळवायला बसलात, तर चूक डेटात शोधत बसाल आणि ती असेल क्रमात.

दुसरी गंमत निकालाच्या आकड्याची. मेनफ्रेमवर ० म्हणजे ठीक, ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे चूक, असा जुना शिरस्ता. जेसीएलमधून स्क्रिप्ट चालवायला बीपीएक्सबॅच नावाचा प्रोग्रॅम असतो. तो स्क्रिप्टचा निकाल २५६ ने गुणून पुढे देतो. स्क्रिप्ट ८ म्हणाली की जॉबच्या नोंदीत २०४८ उमटतात. पुढची पायरी चालवायची की नाही हे त्याच आकड्यावर ठरत असल्याने जेसीएलमधली अट ८ वर बेतलेली चालत नाही. २०४८ धरूनच लिहावी लागते.

शिकायला मेनफ्रेम विकत घ्यावा लागत नाही. आयबीएमच्या झेड एक्सप्लोअर या मोफत उपक्रमात खऱ्या मेनफ्रेमवर खातं मिळतं. इंटरनेट आणि व्हीएस कोड एवढी सामग्री पुरते. परसवाड्यातल्या मुलांना मी एकच सांगते: आधी डेटासेटमधून फाइल उचलणारी, तिच्या ओळी मोजणारी आणि निकालाचा आकडा नीट परत करणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहा. लिनक्सवर शेल पटकन येतं, कारण तिथे बरंच काही गृहीत धरून चालतं. मेनफ्रेमवर अक्षर कुठल्या पद्धतीचं, ओळ कुठे संपते, आकडा कोण वाचणार, हे दर वेळी विचारावं लागतं. ते विचारायची सवय लागलेल्या माणसाची स्क्रिप्ट मग कुठल्याही यंत्रावर टिकते.