पैनगंगेच्या पाण्यातली ऊर्जा

वाशीम जिल्ह्यातून वाहत गेलेली पैनगंगा पुढे नांदेड-यवतमाळच्या सीमेवर, सहस्रकुंडाला, कड्यावरून कोसळते. कड्याच्या माथ्यावरील पाण्यात उंचीमुळे साठलेली ऊर्जा म्हणजे स्थितिज ऊर्जा. पाणी पडू लागले की ती घटते आणि वेगामुळे येणारी गतिज ऊर्जा तेवढीच वाढते. वाशीम शहराची तहान भागवणाऱ्या एकबुर्जी धरणातले पाणी निवांत दिसते, पण भिंतीखालच्या पातळीपेक्षा ते उंचावर असल्याने त्यातही स्थितिज ऊर्जा असतेच.

हिशेब सोपा आहे. १ लिटर पाण्याचे वस्तुमान सुमारे १ किलो. ते १० मीटर उंचीवर असेल, तर स्थितिज ऊर्जा (वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची) १ × ९.८ × १० = ९८ ज्यूल. हवेचा अडथळा सोडला, तर तळाशी पोहोचताना वेग सेकंदाला १४ मीटर असतो. गतिज ऊर्जा: ½ × १ × १४² = ९८ ज्यूल. येथे वेगाचा वर्ग येतो. त्यामुळे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. पुराच्या पाण्याचा धसका घ्यावा तो यासाठीच.

आपटल्यावर ही ऊर्जा थोडी आवाजात, बरीचशी उष्णतेत जाते. तरीही पाणी जेमतेम ०.०२ अंश सेल्सिअसने तापते.