जीपगाडीची चाके : माप, भार आणि मर्यादा

परळच्या भोईवाडा परिसरात पहाटेपासूनच बाहेरगावच्या गाड्यांची वर्दळ सुरू होते. राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, वाडिया बालरुग्णालय आणि टाटा स्मारक रुग्णालय या तीन मोठ्या संस्था येथून हाकेच्या अंतरावर आहेत. उपचारांसाठी महाराष्ट्राच्या सर्व भागांतून येथे रुग्ण येतात. त्यांना आणणाऱ्या वाहनांत जीप, पिकअप आणि त्याच जातकुळीच्या बहुउपयोगी गाड्यांचा भरणा मोठा असतो. खेड्यातील कच्चा रस्ता, घाट, महामार्ग आणि शेवटी महानगरातील गर्दी असा चौपदरी प्रवास या गाड्या एकाच फेरीत करतात. अशा गाड्यांना मूळ मापापेक्षा मोठी चाके व टायर बसवून घेण्याची हौस अलीकडे वाढलेली दिसते. ही हौस कोठवर उपयुक्त आहे आणि कोठून धोक्याची ठरते, हे वाहनमालकांइतकेच शासकीय व पंचायतींच्या वाहनांची जबाबदारी सांभाळणाऱ्यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

भोई म्हणजे पालखी व मेणे वाहणारे. भोईवाड्याच्या नावातच वाहतुकीचा एक जुना व्यवसाय दडलेला आहे. पालखी वाहणाऱ्यांच्या खांद्यांची उंची आणि पावलांची लय जुळलेली असावी लागे. एक भोई उंच असला की भार दुसऱ्याच्या खांद्यावर येई आणि आत बसलेल्यास हिसके बसत. मोटारगाडीतही चाक, ब्रेक, दंतचक्रे, स्टिअरिंग आणि कमानी यांची अशीच जुळणी निर्मात्याने केलेली असते. त्यांतील एकाचे माप बदलले की उरलेल्या सर्वांवर त्याचा परिणाम होतो.

मोठ्या चाकाचा लाभ

मोठे चाक खाचखळग्यांतून सुलभतेने जाते, हे ग्रामीण भागात कोणास सांगावे लागत नाही. लोखंडी धाव चढवलेले बैलगाडीचे जुने लाकडी चाक माणसाच्या छातीपर्यंत येई. खड्ड्याच्या किंवा दगडाच्या कडेवर मोठे चाक कमी चढाच्या कोनात भिडते. लहान चाक त्यात अडकते. याशिवाय आसाची जमिनीपासूनची उंची चाकाच्या त्रिज्येवर अवलंबून असते. कमानींत ठोकळे घालून गाडीचा सांगाडा वर उचलता येतो. परंतु एकसंध आसाच्या गाडीत मागील डिफरन्शियल होता तेथेच राहतो. त्यास दगडापासून वाचवावयाचे असेल तर चाकाचाच व्यास वाढवावा लागतो. हा लाभ खरा आहे. मात्र तो किती, हे मोजून पाहिले पाहिजे.

मोठे म्हणजे रुंद असा समजही दुरुस्त करावयास हवा. १९४९ मध्ये माझगाव येथे ज्या विलिस जीपची जोडणी सुरू झाली, त्या जीपच्या १६ इंची रिमवर अवघ्या ६ इंच रुंदीचे टायर असत. अशी अरुंद चाके वरचा मऊ चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतात. रुंद टायर कोरड्या वाळूवर उपयोगी पडतो. चिखलात आणि पाण्यात तो नेहमीच सरस ठरतो असे नाही.

टायरवरील आकड्यांचा अर्थ

बोलेरोसारख्या गाडीच्या टायरवर '२१५/७५ आर १५' असे माप असते. यातील २१५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. ७५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के आहे. 'आर' हे अक्षर टायरची बांधणी रेडियल असल्याचे दर्शवते आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास आहे. यावरून चाकाचा एकूण व्यास काढता येतो. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर; त्यात वरची व खालची भिंत मिळून सुमारे ३२२ मिलिमीटर मिळवले की व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर येतो.

आता दोन पर्याय पाहू. २३५/७५ आर १५ या मापाचा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापापेक्षा ४ टक्क्यांहून थोडा अधिक आहे. आसाची उंची मात्र व्यासवाढीच्या निम्म्यानेच, म्हणजे १५ मिलिमीटरने वाढते. हौशी मालक पसंत करतात तो ३१ इंची टायर बसवल्यास व्यास ७८७ मिलिमीटर होतो. ही वाढ सुमारे १२ टक्के असून तिच्यामुळे उंची ४२ मिलिमीटरने, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीहून थोडी अधिक वाढते.

केवळ रिम मोठी करणे हा निराळा प्रकार आहे. १७ इंची रिमवर २२५/६० मापाचा टायर बसवल्यास एकूण व्यास सुमारे ७०२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो. यात वेगदर्शक चुकत नाही. परंतु आसाची उंचीही वाढत नाही. शिवाय टायरची भिंत आखूड झाल्याने खड्ड्याचा आघात रिमवर व कमानींवर अधिक पोहोचतो. खराब रस्त्यावरील गाडीस हा बदल केवळ शोभेचा ठरतो.

वेगदर्शक फसवतो तेव्हा

वेगदर्शक चाकाचे फेरे मोजतो. प्रत्यक्ष अंतर मोजत नाही. व्यास १२ टक्क्यांनी वाढला की प्रत्येक फेऱ्यात गाडी तितकीच अधिक पुढे जाते. काटा ६० किलोमीटर दाखवत असताना, मूळ मापाशी काटा अचूक होता असे धरल्यास, गाडीचा खरा वेग ६७ किलोमीटर असतो. धावत्या वाहनातील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे गाडी थांबवताना ब्रेकना सुमारे २५ टक्के अधिक ऊर्जा शोषावी लागते. त्याच वेळी चाकाची त्रिज्या वाढल्याने, पायाचा दाब तेवढाच असूनही, रस्त्यावर मिळणारे रोधक बल सुमारे ११ टक्क्यांनी घटते. चालकास वेग कमी वाटतो, प्रत्यक्षात तो अधिक असतो आणि ब्रेकची पकड उणी पडते. मागील आसनावर रुग्ण आडवा झोपलेला असताना या तिन्ही गोष्टी एकत्र याव्यात, हे कोणासही परवडणारे नाही.

इंजिनाचेही तसेच आहे. दंतचक्रांचे प्रमाण तेच राहिल्याने चाकाच्या कडेवर मिळणारी ओढ कमी होते. भरलेली गाडी घाटात खालच्या गिअरवर आणावी लागते आणि क्लच लवकर झिजतो. जड टायर फिरवण्यास व थांबवण्यास अधिक शक्ती खर्ची पडते. शासकीय वाहनांच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. गाडी ११२ किलोमीटर धावली असता अंतरदर्शक १०० किलोमीटरच नोंदवतो. लॉगबुकातील अंतर व इंधनाचा हिशेब जुळेनासा होतो आणि दोष मात्र चालकावर येतो.

रुंद टायरसाठी रुंद रिम लागते. ती बाहेरच्या अंगास आली तर चाकाच्या बेअरिंगवर व स्टिअरिंगच्या सांध्यांवर अधिक ताण पडतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासू शकतो. रिकाम्या गाडीत हा दोष अनेकदा दिसून येत नाही. गाडी भरली आणि कमानी दबल्या की तो उघड होतो. गाडी जितकी उंच होईल तितका तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो.

पावसाळ्यातील गैरसमज

भोईवाड्यालगतच्या हिंदमाता परिसरात अतिवृष्टीच्या वेळी पाणी साचते, हा मुंबईकरांचा जुना अनुभव आहे. तेथील पाणी साठवण्यासाठी महानगरपालिकेने भूमिगत टाक्याही बांधल्या आहेत. मोठ्या टायरमुळे अशा पाण्यातून गाडी निर्धास्तपणे नेता येते, असे अनेकांस वाटते. वस्तुतः गाडी किती पाण्यातून जाऊ शकेल, हे मुख्यतः इंजिनात हवा घेणाऱ्या नळीचे तोंड किती उंचावर आहे यावर ठरते. टायर बदलून मिळणारी १५ किंवा ४२ मिलिमीटरची वाढ गुडघाभर पाण्यापुढे नगण्य आहे. उलट पाण्याच्या पातळ थरावरून वेगाने जाताना रुंद टायरखालचे पाणी बाजूस सारले जाण्यास अधिक वेळ लागतो आणि चाक रस्त्यावरून तरंगण्याचा संभव वाढतो. पावसाळ्यात टायरच्या मापापेक्षा त्याच्या नक्षीची खोली महत्त्वाची असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मोटारींसाठी ही खोली किमान १.६ मिलिमीटर ठरवली आहे. तितकी झीज होण्याआधीच टायर बदलणे श्रेयस्कर होय.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. अपघात झाल्यास विमा भरपाईच्या वेळीही असा बदल वादाचे कारण होऊ शकतो.

टायर निवडताना

गाडीच्या याच प्रारूपासाठी निर्मात्याने एकाहून अधिक मापे मान्य केली असतील तर त्यांतूनच निवड करावी. ही मापे व हवेचा दाब वाहनाच्या माहितीपुस्तिकेत आणि बहुधा दाराच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेला असतो. टायरवरील भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. उदाहरणार्थ, १०० हा भारांक प्रत्येक टायरमागे ८०० किलोग्रॅम भार दर्शवतो. चारही चाके व जादा चाक एकाच मापाचे असावे. चारही चाकांस शक्ती पुरवणाऱ्या गाडीत पुढील व मागील व्यासांत फरक पडल्यास दंतचक्रांवर विनाकारण ताण येतो. नवीन चाके बसवल्यावर गाडी पूर्ण भारासह दोन्ही बाजूंस वळवून पाहावी. थोडे अंतर धावल्यानंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत. शंका असल्यास खरेदीपूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करावी.

ग्रामपंचायती, शाळा आणि आरोग्य केंद्रे यांच्यासाठी भाड्याने घेतलेल्या गाड्यांचीही अशी पाहणी व्हावी. टायरवरील माप वाहनाच्या कागदपत्रांशी पडताळण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. भोईवाड्यातील रुग्णालयाच्या दारी रुग्णास घेऊन येणाऱ्या गाडीकडून मोठी अपेक्षा नसते. तिने वेळेवर पोहोचावे आणि चालकाने ब्रेक दाबताच थांबावे, इतकेच पुरेसे असते. मूळ मापाचे, पुरेशी हवा असलेले आणि नक्षी शाबूत असलेले टायर हे काम उत्तम करतात.