वेग एक नसतो

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत मी तीनदा उतरलो आणि तिन्ही वेळा खोपोलीच्या पुढे बोरघाटाने माझी जिरवली. सपाटीवर मी कुणाला ऐकत नसे. रोज साठ किलोमीटर एकाच चालीने मारायचो आणि त्यालाच सराव म्हणायचो. आमचे अण्णा चिडायचे, "अरे, तुला पोस्टमन व्हायचंय की रेसर?"

आकडेच पाहा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हॉलंडच्या हॅरी लाव्रेसनने धावत्या सुरुवातीने २०० मीटर ९.०८८ सेकंदांत कापले. म्हणजे ताशी ७९ किलोमीटर! इटलीच्या फिलिप्पो गान्नाने २०२२ मध्ये तासाभरात ५६.७९२ किलोमीटर अंतर तोडले. पहिल्याची मदार स्नायूंतल्या काही सेकंदांच्या शिलकीवर, दुसऱ्याची श्वासावर. मुसंडीसाठी दहा सेकंद जीव तोडून पायडल मारायचे आणि मग पाच मिनिटे चक्क रमतगमत जायचे. ही विश्रांती मला कामचुकारपणा वाटे. टिकाऊ वेगाला वीस-वीस मिनिटांचे दोन टप्पे, बोलणे जड जाईल इतक्या जोराने.

घाटाचे गणित निराळे. सपाटीवर झगडा वाऱ्याशी. वेग दुप्पट करायचा तर हवा कापायला आठपट ताकद लागते. चढावर मात्र स्वतःचेच वजन ओढायचे.

चौथ्या वर्षी अण्णांनी मला महिनाभर चढावरच पिदडले. शिंग्रोबाच्या देवळापाशी पहिल्यांदाच पुढचा घोळका माझ्या नजरेत होता. कौतुकाने सांगायला गेलो, तर म्हणाले, "आणि पुण्यात, शेवटच्या दोनशे मीटरला?"

तिथे मला चौघांनी मागे टाकले होते.