मागून हलकासा धक्का आणि बिल ३४ लाख: ईव्हीचा पत्रा इतका महाग का पडतो?

ईव्हीवरच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा: "चार्जिंग स्वस्त आहे हे कळलं, पण ठोकली तर?" एपिसोड बाइकवर ऐकला असेल, तर आकडे आता इथे निवांत बघा.

सुरुवात अमेरिकेतून करू. फेब्रुवारी २०२३, ओहायो राज्य. रिव्हियन आर-वन-टी या इलेक्ट्रिक पिकअपला मागून एका गाडीने हळूच धडक दिली. पिकअप चालत होता, कुणाला काही लागलं नाही. धडक देणाऱ्याच्या इन्शुरन्सने आधी १,६०० डॉलर देऊ केले. शेवटी बिल झालं सुमारे ४२,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने ३४ लाखांच्या आसपास.

यात बॅटरीचा काही संबंधच नव्हता! या गाडीचा मागच्या बाजूचा पत्रा छताच्या कडेने थेट पुढच्या खांबापर्यंत जातो, तो एकच अखंड तुकडा आहे. पोचा आला मागे, पण काम करायला छताचं आतलं अस्तर आणि पुढची काच काढावी लागली. आमच्या भाषेत सांगायचं तर मोनोलिथ. एक ओळ बदलायची, तरी अख्खं ॲप परत डिप्लॉय करा.

कंपन्या असं का करतात? कारखान्यात ते परवडतं. टेस्लाने मॉडेल वायच्या मागच्या सांगाड्यात सुमारे ७० सुटे भाग काढून एक-दोन मोठी ॲल्युमिनियम कास्टिंग टाकली. रोबो कमी, वेल्डिंग कमी, वजन कमी. पण स्टीलसारखं ते गरम करून, ठोकून सरळ होत नाही. तडा गेला की कापा किंवा बदला. ॲल्युमिनियमच्या कामाला हत्यारंही वेगळी लागतात, कारण स्टीलचे कण त्यात अडकले की तिथून गंज धरतो. त्यामुळे नाक्यावरचा डेंटिंगवाला कितीही हुशार असला तरी या कामाला उपयोगाचा नाही, आणि स्पर्धा नसली की मजुरी वाढते.

आता बॅटरी. कॅनडात २०२३ मध्ये एका ह्युंदाई आयोनिक ५ च्या पोटाखालचं बॅटरीचं संरक्षक कव्हर खरवडलं गेलं. नवीन बॅटरीचं इस्टिमेट आलं ६०,००० कॅनेडियन डॉलरच्या वर, गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त! इन्शुरन्स कंपनीने गाडी सरळ टोटल लॉस केली. आतल्या सेलला इजा झाली की नाही हे बाहेरून दिसत नाही आणि पुढे आग लागली तर जबाबदारी कोण घेणार? म्हणून "बदला" असं लिहून मोकळं होणं सगळ्यांना सोपं जातं. मला हे पटत नाही. पॅक उघडून तपासता येईल, मॉड्यूल बदलता येईल असा बनवणं हे डिझाइनचंच काम आहे.

साध्या पोच्यालाही ईव्हीत थोडं जास्त काम असतं. वेल्डिंगआधी हाय-व्होल्टेज लाइन बंद करायची, तीही प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने. रंगाच्या बूथमध्ये ६०-७० अंशांवर गाडी भाजताना बॅटरी तापणार नाही हे बघायचं.

पण घाबरू नका. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्या पेट्रोल मॉडेलवरूनच बनल्यात. दाराला पोचा आला तर खर्च पेट्रोल नेक्सॉनपेक्षा फार वेगळा असायचं कारण नाही, पत्र्याला कुठलं माहिती आत मोटर आहे की इंजिन! भीती खरी आहे ती पोटाखालच्या माराची. आपले बिनरंगवलेले स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यातले खड्डे आठवा.

म्हणून गाडी बुक करायच्या आधी पॉलिसी वाचा. आपल्याकडच्या साध्या मोटर पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांच्यावर ५० टक्के घसारा कापतात. म्हणजे बंपरचे अर्धे पैसे तुमचे. झिरो डेप घेतलं तर हे वाचतं. पण "बॅटरी" हा शब्द तिथे १२ व्होल्टच्या डब्याच्या काळापासून आहे. मोठ्या बॅटरीला तो कसा लावणार आणि खालून मार बसला तर क्लेम मिळणार का, हे एजंटला तोंडी नाही, ईमेलवर विचारा. आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, त्यामुळे प्रीमियम वाचवायला आयडीव्ही कमी लावून घेऊ नका. शोरूमवाला वैतागेल, वैतागू दे.