उष्णतेचा साप्ताहिक अंदाज आणि ग्रीष्मचर्या

चैत्र सरत आला की विदर्भातील दवाखान्यांत शिरःशूल, दाह, तृष्णा, भ्रम व मूत्रकृच्छ्र यांचे रुग्ण वाढू लागतात. या काळात वैद्याने नाडीसोबत हवामानाचा अंदाजही पाहावा, असे आमचे मत अनुभवांती झाले आहे.

भारतीय हवामान विभाग दैनंदिन अंदाजासोबतच दर गुरुवारी पुढील आठवड्यांचा विस्तारित अंदाज प्रसिद्ध करतो. विदर्भासाठी नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार इशारे देते. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असून ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असल्यास उष्णतेची लाट मानतात. त्याहून अधिक फरक असल्यास ती तीव्र लाट होय. प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेल्यासही लाट व ४७ वर गेल्यास तीव्र लाट समजतात. किनारपट्टीसाठी मात्र ३७ अंश हीच किमान मर्यादा आहे. तेथील दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून कोकणातील ३७ अंशांस सौम्य समजू नये.

अंदाज वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, नोंदलेले तापमान हे हवेशीर पेटीतील, सावलीतील असते. उघड्या शेतात वा वीटभट्टीवर शरीरास होणारा ताप त्याहून पुष्कळ अधिक असतो. दुसरी, किमान तापमानही पाहावे. रात्र उष्ण राहिल्यास शरीरास विश्रांती मिळत नाही व दुसऱ्या दिवशीचा ताप सहन होत नाही.

आपल्या शास्त्राची येथे उत्तम सांगड बसते. ग्रीष्म हा आदानकालाचा शेवट. बल अल्प, अग्नी मंद आणि वाताचा संचय. ऋतुसंधीच्या चौदा दिवसांत जुनी चर्या हळूहळू सोडून नवी स्वीकारावी, असे वाग्भटाचार्य सांगतात. उष्णतेची सवय होण्यास शरीरास एक ते दोन आठवडे लागतात, हे आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही मानते. म्हणूनच मार्च-एप्रिलमधील पहिली लाट मे महिन्यातील तेवढ्याच तापमानापेक्षा अधिक घातक ठरू शकते.

आता एका चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एक शेतमजूर दाह व थकवा घेऊन आमच्याकडे आला. ग्रीष्मात लवण, अम्ल व कटू रस वर्ज्य, या वचनास अनुसरून आम्ही त्यास मीठ कमी करण्यास सांगितले व साखरेचे पाणी भरपूर पिण्यास सांगितले. तिसऱ्या दिवशी तो पोटऱ्यांत गोळे येऊन, चक्कर येऊन पडला. रुग्णालयात सलाईन दिल्यावर तो सावरला. ग्रंथवचन चुकीचे नव्हते. ते स्वस्थाच्या चर्येविषयी होते. दिवसभर घाम गाळणाऱ्याचे लवण घामावाटे जाते, हा विचार आम्ही केला नव्हता. देश, काल, बल व कर्म पाहूनच पथ्य सांगावे, हा शास्त्राचाच आदेश आम्ही विसरलो होतो.

तेव्हापासून नारिंगी वा लाल इशारा दिसताच आम्ही पुढील क्रम पाळतो. कष्टकऱ्यांस कैरीचे पन्हे वा कोकम सरबत मीठ घालून, किंवा एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ असे मिश्रण थोडे थोडे घेण्यास सांगतो. मधुमेह, हृद्रोग, वृक्कविकार व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांस साखर-मीठ स्वतंत्र विचाराने. मूत्रल औषधे चालू असणाऱ्यांस त्यांच्या चिकित्सकाशी बोलण्यास सुचवतो. वृद्ध व एकटे राहणाऱ्यांची विचारपूस करतो. पंचकर्मातील शोधनोपक्रम त्या आठवड्यात पुढे ढकलतो. वाळ्याचे पाणी, सातूचा मंथ व दुपारची अल्प निद्रा हितकरच आहेत.

मात्र अंग तापलेले असून रुग्ण बरळत असेल, झटके येत असतील वा शुद्ध हरपली असेल, तर तो उष्माघात समजावा. उष्ण वारा व ऊन यांनी दग्ध झालेल्यास सुश्रुतसंहितेत शीत उपचारच सांगितला आहे. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. बेशुद्धाच्या मुखात पाणी वा औषध घालू नये. अशा वेळी काढा उकळत बसणे हा अपराध होय.

दवाखान्यातील फलकावर आठवड्याचा इशारा लिहिण्याची प्रथा आपण सर्वांनी पाडावी, ही विनंती.